अर्थिंगचा खड्डा

माझ्या फजित्या मी स्वतःच गावभर वाटतो. एका लग्नात नवरदेव समजून त्याच्या मावसभावाचेच क्लोजअप घेत बसलो होतो — तेही मीच टपरीवर चहा पीत सांगितलं, आणि सगळ्यांच्या आधी मीच हसलो. पण एक मागे ठेवली. बायकोला सांगितली नाही, टपरीवर तर नाहीच. का? कोणी हसणार नाही म्हणून? की कोणीतरी हसेल, याची भीती वाटते म्हणून? मलाच नीट कळलेलं नाही. आता तुम्ही समोर आहात, ओळखीचे नाही, तर जमतं का बघतो.

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. त्याआधी वर्षभर पुण्यात नोकरी केली. तिथे दोन गोष्टी शिकलो — ‘मले’च्या जागी ‘मला’ म्हणायचं, आणि लिनक्स, कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी चालणारं. गावात परत आलो तेव्हा पहिली बोलण्यातून आठवड्यात गळाली, लिहिण्यात तेवढी चिकटून राहिली. दुसरी मात्र सुटलीच नाही. आसपासच्या सगळ्या स्टुडिओंमध्ये चोरीचं विंडोज, आणि माझ्याकडे लिनक्स! केवढा तोरा. फक्त एक अडचण होती — हा तोरा कोणाला कळतच नव्हता. ज्याच्यापुढे मिरवायचं त्याला आपण काय मिरवतोय हेच कळलं नाही, तर त्या मिरवणुकीत माणूस एकटाच चालतो.

कर्नेल म्हणजे काय ते एकदाच सांगतो, कंटाळू नका. डिस्क, पडदा, कीबोर्ड हे सगळे आपापल्या जागी मुके बसलेले असतात. त्यांना एकमेकांशी बोलतं करणारा मधला भाग म्हणजे कर्नेल. त्याची नवी आवृत्ती अधूनमधून येते. ती घालायची, मशीन बंद करून चालू करायचं. शहाणी माणसं जुनी आवृत्तीही शेजारी राहू देतात — नवी रुसली तर जुनीवरून मशीन उठतं. शहाणी माणसं, म्हणालो मी.

एवढं सगळं गावात फक्त एका माणसाने ऐकून घेतलं होतं. रफिकने. आम्ही एका बाकावरचे. तो पाण्याच्या मोटारी वाइंड करायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा, आणि घरांची वायरिंग करायचा. त्याचं दुकान माझ्या समोरच, रस्त्यापलीकडे. माझं कर्नेलपुराण पूर्ण ऐकून तो म्हणाला होता, “म्हंजे मोटर तेच, वाइंडिंग नवी. मंग एवढी भाषणबाजी काऊन करून राह्यला बे?” तेव्हापासून मी खुर्चीत ताठ बसलेला दिसलो की तो रस्त्यापलीकडून ओरडायचा — “बदलली का वाइंडिंग?” त्याला त्यात काडीचा रस नव्हता. माझ्यात होता. हा फरक मला तेव्हा कळायला हवा होता, नाही का?

माझ्या दुकानाची अर्थिंगही त्यानेच केली होती. दुकानाच्या मागे खड्डा खणून, खाली तांब्याची पट्टी, वर मीठ-कोळशाचे थर. लाइटीने काही वेडेपणा केला तर तो जमिनीत जावा, मशीनमध्ये नाही, म्हणून. “उन्हाळ्यात सुकते हे,” तो म्हणाला होता, “पाणी टाकत जाय.” मी कशाला टाकतोय! तोच यायचा बादली घेऊन.

आता ती दुपार, बऱ्याच वर्षांपूर्वीची. धाडचा बाजार आदल्या दिवशी होऊन गेलेला, रस्त्यावर कुत्रंही नाही. लग्नसराईचं काम डिस्कवर साठलेलं, त्यात बबनरावांच्या मुलीचं लग्न — एकुलती एक मुलगी, सगळे फोटो, सगळा व्हिडिओ. बबनराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्या वर्षी ते रस्त्याला लागून मंगल कार्यालय बांधत होते, आणि तिथल्या वायरिंगचं सगळं काम रफिकला द्यायचं तोंडी ठरलेलं होतं. रफिकला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळणार होतं. त्याने त्यासाठी नवा शर्ट शिवला होता. वायरिंग करायला नवा शर्ट! मी त्यावरून त्याची किती चेष्टा केली.

तर त्या दुपारी मी कर्नेल बदलायला घेतलं. गरज होती? मुळीच नव्हती. मशीन छान चालत होतं. फोनवर एक ग्रुप होता, कुठल्या-कुठल्या गावांतले अनोळखी लिनक्सवाले. त्यात कोणीतरी नवी आवृत्ती घातल्याचा फोटो टाकला होता आणि खाली अंगठ्यांची रांग लागली होती. मलाही ते अंगठे हवे होते. बस, एवढंच कारण. आणखी मोठं काही शोधून बघितलं, सापडलं नाही.

मशीन म्हणालं, जागा कमी आहे. कर्नेल ठेवायचा कप्पा मीच सुरुवातीला चिमूटभर ठेवलेला. मग मी जुनी कर्नेलं काढून टाकली. सगळी. ज्याच्यावर मशीन त्या घडीला चालत होतं, तेसुद्धा. खरंच काढायचं का, असं मशीनने विचारलं — मी ‘हो’ दाबलं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारणाऱ्याला आपण हसतो. त्याला निदान फांदीने आधी विचारलं नव्हतं.

नवं कर्नेल तोवर अर्धवटच उतरलं होतं. ते बघायचं राहिलं. अंगठ्यांची घाई! मशीन बंद करून चालू केलं तर काळा पडदा, चार ओळी पांढरी अक्षरं, आणि पुढे काहीच नाही. याला कर्नेल पॅनिक म्हणतात. आणि हे नीट ऐका, कारण माझी सगळी लबाडी इथेच उघडी पडते — त्या क्षणी बबनरावांच्या मुलीचा एकही फोटो गेलेला नव्हता. सगळं डिस्कवर जागच्या जागी होतं. पेन ड्राइव्हवरून मशीन उठवायचं, कर्नेल पुन्हा बसवायचं, झालं. मला हे माहीत नव्हतं का? वाचलेलं होतं. पण संध्याकाळी बबनराव अल्बमचे फोटो निवडायला येणार होते, शोधत बसायला वेळ नव्हता. सगळं लिनक्सच नव्याने घालायला घेतलं. ‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’ करत गेलो. मधे एका पडद्यावर विचारलं होतं — आहे ते ठेवू, की पूर्ण डिस्क पुसू? तिथेही ‘पुढे’च केलं, आणि सगळी डिस्क पुसली गेली. कॅमेऱ्याचं कार्ड तर दुसऱ्या लग्नासाठी आधीच पुसून झालं होतं. दुसरी प्रत? दुसरी प्रत ठेवत जा, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

इथपर्यंतची गोष्ट मी टपरीवर सांगू शकलो असतो. गाढवपणा आहे, पाप नाही. बबनरावांनी शिव्या दिल्या असत्या, गावाने वर्षभर चिडवलं असतं. मी चिडवून घेण्यात तरबेज माणूस. मग कुठे अडलं?

बबनराव आले, खुर्चीत बसले, पोरीचे फोटो दाखव म्हणाले. मी म्हणालो, “काका, लाइटीचा झटका आला. मशीन बसलं, फोटो गेले.” आमच्याकडे हे वाक्य कोणी तपासत नाही. पंखा जळाला, लाइट. मोटर बसली, लाइट. लाइटीवर कोणताही आळ घाला, ती उलटून बोलत नाही.

पण बबनराव बांधकाम काढलेला माणूस, नुकतंच सगळं शिकलेला. त्यांनी विचारलं, “काऊन? अर्थिंग नोती का?”

मला ‘नव्हती’ म्हणता आलं असतं. खोट्याला खोटं जोडायचं, त्यात काय! पण मग हलगर्जी माझी ठरली असती. मी म्हणालो, “होती नं. रफिकनं केलती.”

बस. एवढंच बोललो. यात एक अक्षर खोटं नाही, बघा. अर्थिंग होती, रफिकनेच केली होती. पुढचं सगळं गावच बोललं. रफिकच्या अर्थिंगनं मशीन जाळलं. रफिकनं बबनरावाच्या पोरीचं लग्न जाळलं. ज्याच्या दोस्ताचंच मशीन वाचलं नाही, त्याले आपलं घर कसं देता? मी कुठेच काही बोललो नाही. तीच तर गोष्ट आहे — मी कुठेच काही बोललो नाही.

मंगल कार्यालयाचं काम बुलडाण्याच्या माणसाला गेलं.

दुसऱ्या दिवशी रफिक आला. मला वाटलं भांडायला आला. तो मशीनजवळ वाकला, नाक लावून बघितलं. “जळलं त वास काऊन नाही येत बे?” त्याच्या आवाजात संशय नव्हता, खरंच विचारत होता. मी इंग्रजी शब्दांची मूठभर वाळू त्याच्या डोळ्यांत फेकली — डेटा, करप्ट, व्होल्टेज. गावात मला पकडू शकेल असा एकही माणूस नव्हता, आणि ज्याने ऐकण्याची तसदी घेतली होती तो माझ्यावर विश्वास ठेवून उभा होता. एकटा असल्याचा एवढा फायदा मला आधी कधी झाला नव्हता.

मग तो मागे गेला आणि भर उन्हात खड्डा उकरू लागला. आख्खा खड्डा! पट्टी काढली, नवी टाकली, मीठ नवं, कोळसा नवा. मी सावलीत उभा. घमेलं उचलायला गेलो तर म्हणाला, “राहू दे, तुह्या कामाचं नाही हे.” घाम पुसला, माती लागलेल्या हातांनी उभा राहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “चूक झाली असन माही. माफ कर यार. तुहं नुकसान झालं.”

आता सांगतो. इथपर्यंत यायला एवढा फेरा घेतला.

मी त्याला माफ केलं.

त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जाऊ दे बे, होते असं.” मोठ्या मनाने. दुकानात जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं. त्याने ते उभ्यानेच प्यायलं, आणि उरलेलं खड्ड्यात ओतलं.

कामं कमी होत गेली तसा तो जालन्याला गेला, एका वर्कशॉपमध्ये. समोरच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. ईदला तो डबा घेऊन यायचा, आता फोनवर चंद्राचं चित्र येतं. मी खाली अंगठा टाकतो.

मी सुधारलो, असं वाटत असेल तर थांबा. आता मी दोन जुनी कर्नेलं ठेवतो, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवतो, प्रत्येक पडदा वाचतो. बदल अगदी सुरळीत होतात. मशीन उठतं, मी खुर्चीत ताठ होतो आणि सवयीने रस्त्यापलीकडे बघतो.

परवा तो आला होता. लग्नाला — त्याच मंगल कार्यालयात. जेवण करून माझ्याकडे आला, त्याचे केस पांढरे झालेत, मला ‘टकल्या’ म्हणाला. नेमकं मशीन बंद होऊन चालू होत होतं. “वाइंडिंग?” त्याने विचारलं. मी मान हलवली. मग हात धुवायला म्हणून मागे गेला आणि तिथूनच ओरडला, “ओला हाये बे खड्डा! पाणी टाकतं तू?”

“हाव,” मी म्हणालो. टाकतो. रोज.

परत येऊन बसला. सहज विचारलं, जालन्याला घरांची वायरिंग करतोस का? म्हणाला, नाही, फक्त मोटारी. अर्थिंगचं काम घेतच नाही. “तुह्या इथं झालं तवापासून भरवसा नाही राह्यला हाताचा,” आणि हसला, जसा मी टपरीवर हसतो तसा.

समोर मशीन उठलं होतं. खोलीत आम्ही दोघंच. सांगायला याहून मोकळी वेळ कोणती? मी म्हणालो, “चहा घेतं?”

त्याने घेतला. जीप आली, गेला.

हे मी तुम्हाला सांगितलं, त्याला नाही. रफिकला वाचायचा कंटाळा. शाळेतही त्याचे धडे मीच वाचून दाखवायचो. तो हे वाचणार नाही याची खात्री आहे, म्हणूनच लिहू शकलो. तेही यात मांडून ठेवतो.

त्याच्या अर्थिंगमध्ये काही दोष नव्हता. पहिल्यातही नाही, दुसऱ्यातही नाही.