परतूर सोडायचं ठरलं तेव्हा

माझी मैत्रीण चार वर्षांनी इंग्लंडहून सुट्टीवर आली तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. परतूरच्या बाजारात ज्वारी पुन्हा दिसू लागली होती, पण बायका अजून मूठभर दाणे हातात घेऊन हुंगून बघायच्या. दुष्काळात रेशनवर मिळालेल्या सरकारी लाल मिलोचा, त्या परदेशी ज्वारीचा वास कुणाच्या नाकातून गेला नव्हता.

आम्ही दोघी औरंगाबादला नर्सिंग शिकताना एका खोलीत राहिलो होतो. पुढं तिला नवऱ्यानं टाकलं. पोर अंगावर पीत होती तेव्हाच ती तिला आईकडे ठेवून परदेशी गेली. मी परतूरच्या सरकारी दवाखान्यात लागले. माझे यजमान तिथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवत. गाव त्यांना 'सर' म्हणायचं. चारचौघांत मीही सरच म्हणत असे, आणि इथंही तेच म्हणते.

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. दीड वर्षाची असताना तिला ताप आला आणि जाताना डाव्या पायातलं बळ घेऊन गेला. पोलिओवरचं सगळं मला पाठ होतं, पण घरात आला तेव्हा मीसुद्धा इतर आयांसारखी नुसती बघत राहिले. पायाला लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचा जड बूट होता. पाय वाढला की बूट लहान व्हायचा आणि नवा औरंगाबादहून यायला महिने जायचे. तेवढे दिवस ती उंबऱ्यात बसून राहायची.

मैत्रीण लेकीला घेऊन दुपारच्या गाडीनं आली. अंगावर साधीच साडी, पण चेहरा उजळ आणि सुकलेला. चहा टाकला तोवर तिची लेक तिच्या पदराला धरून म्हणाली, "मावशी, पाणी दे ना."

मला वाटलं मलाच म्हणाली. मी तांब्या पुढं केला. पण पोर बघत होती आपल्या आईकडं.

मैत्रिणीनं तिला पाणी पाजलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या आईला आई म्हणते ना ती. मंग मला काय म्हणणार?"

मी चहा गाळायला घेतला.

संध्याकाळी सर शाळेतून आले. तिनं येण्याचं खरं कारण सांगितलं. तिच्या इस्पितळाला अनुभवी नर्सेस हव्या होत्या. तिनं मेट्रनजवळ, म्हणजे तिथल्या मुख्य नर्सजवळ, माझं नाव घातलं होतं. मुंबईला मुलाखत व्हायची होती. निवड झाली तर मला तिथं काम करायचा परवाना मिळेल आणि माझ्या मागं नवरा नि मूल येऊ शकतील.

सर खुर्ची पुढं ओढून बसले. मी त्यांना इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं. एकामागून एक विचारत राहिले. पगार किती हे त्यांनी शेवटी विचारलं. आधी विचारलं ते टॅक्सचं.

"कापतेत की, दाजी," ती म्हणाली. "पगार हातात यायच्या आधीच. टॅक्स येगळा, विम्याचा ष्टँप येगळा. पहिल्या महिन्याला पाकीट उघडलं तर मला वाटलं कुणी चोरी केली. मंग घरभाडं, मुन्शिपालटीची पट्टी, टीव्ही ठेवला तर त्याचाबी परवाना. गॅसच्या मीटरमधी नाणं टाकावं लागतं. नाणं संपलं की शेगडी बंद. बसा कुडकुडत."

आमच्याकडं मास्तरच्या पगाराला इन्कमटॅक्स कुठून लागणार? सरकारनं नुकताच व्यवसाय कर म्हणून काहीतरी कापायला सुरुवात केली होती, त्यावरच शिक्षकांच्या खोलीत रोज आरडाओरडा चालायचा.

"आन् त्याच्या बदल्यात मिळतं काय?" सरांनी विचारलं.

तिनं उंबऱ्यात बसलेल्या माझ्या लेकीकडं बघितलं. "हिचा बूट. पाय वाढला की नवा बूट. ऑपरेशन लागलं तर ऑपरेशन. कुणाला पैसा द्यायचा न्हाई, कुणाची चिठ्ठी आणायची न्हाई. आमच्या वॉर्डात झाडूवालाबी टॅक्स भरतो आणि मोठ्या डॉक्टरासमोर हक्कानं खुर्चीवर बसतो."

मला वाटतं, त्यांचं तिथंच ठरलं.

त्यांच्या शाळेतला एक सोबती इराणला जायच्या खटपटीत होता. त्याचाही विषय निघाला. "तिकडं टॅक्स बिलकुल न्हाई म्हणे," सर म्हणाले.

"टॅक्स न्हाई, पण आपलंबी तिथं काई न्हाई. कंत्राट संपलं की चंबूगबाळं उचला."

"विलायतेत जात तर विचारत न्हाईत ना?"

आमच्या घरांनी धर्म बदलून वीसेक वर्षं होत आली होती. तरी परतूरला खोली मिळवताना आम्हाला तीन आळ्या फिराव्या लागल्या होत्या आणि शेवटी मिळाली ती मुसलमान घरमालकाची. त्यामुळं हा प्रश्न सरांनी सहज विचारलेला नव्हता.

"गोरे न्हाई विचारत," ती म्हणाली. "त्यांना रंग दिसतो, मंग विचारायची गरज काय? एक म्हातारी मला हात लावू देत न्हवती. काळे हात नको म्हणे. आपली मराठी माणसं मात्र विचारतेत. एका घरी जेवायला गेल्ते. भाजी वाढता वाढता बाईनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. पुन्हा बोलावणं आलं न्हाई."

ती दोन दिवस राहिली. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, शेजारी मेला तरी आठवड्यानं कळतं, पोळीला कणीक मिळते पण पोळी खायला सोबत माणूस नसतं, असं बरंच सांगितलं. मी म्हणाले, "मंग मला कशाला बोलावून राह्यली?"

ती म्हणाली, "माझ्यासाठी. दुसरं काय?"

मला हे तिचं सांगणं फार खरं वाटलं. ती गेल्यावर मी अर्ज केला.

मुंबईची मुलाखत सोपी गेली. एका इंग्रज बाईनं मला जळालेल्या रोग्याच्या मलमपट्टीबद्दल विचारलं. आमच्या दवाखान्यात चुलीवर भाजलेल्या सुना इतक्या यायच्या की मला आठवावं लागलं नाही. निवड झाल्याचं कळलं तेव्हा सरांनी शाळेत पेढे वाटले. मी नको म्हणत होते. त्यांचं म्हणणं, चांगली गोष्ट लपवायची कशाला.

गावात बातमी फिरली. कुणी विलायतवाले सर म्हणू लागलं. तेलाच्या दुकानदारानं आपणहून सामानाची पिशवी घरी आणून दिली. शिक्षकांच्या खोलीत मात्र एक जण ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यांना नोकऱ्या पुरल्या न्हाईत, आता विलायतबी पाहिजे." सरांनी घरी येऊन हे मला हसत सांगितलं. जाणाऱ्या माणसाला असलं लागत नाही, असं त्यांच्या हसण्यात होतं.

मी एकदा विचारलं, "तिथं तुम्ही काय करसाल? तुमची बी.एड. तिथं चालत न्हाई म्हणे. तिनं सांगितलं, शिकलेली माणसं बसमधी तिकिटं फाडतेत, कारखान्यात रातपाळी करतेत."

"फाडीन की तिकिटं."

"सर म्हणणारं कुणी ऱ्हाणार न्हाई."

"माझा बाप शाळेच्या भिंतीबाहेर उभा ऱ्हाऊन आत काय चाललंय ते ऐकायचा," ते म्हणाले. "मी आत गेलो, खुर्चीत बसलो. झालं की. आता पोरीनं चालावं."

सासऱ्यांना सांगायला आम्ही गावी गेलो. गाव अंतरवाली सराटीच्या पलीकडं, अंबडहून एसटीनं आणि पुढं पायी. मुलगी सरांच्या खांद्यावर. दोन्ही बाजूंनी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. सासरे लिंबाखाली बसले होते. सरांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारा रडेल, अडवेल. ते म्हणाले, "जा."

"मामा, तुमचं कसं होईल?" मी म्हणाले.

"माझं काय? ज्यानं ज्यानं गाव सोडलं त्याचं बरं झालं. आम्ही ऱ्हायलो, ते ऱ्हायलोच." मग बराच वेळ ते काडीनं मातीत रेघा ओढत बसले. उठायच्या वेळी त्यांनी सरांना एवढंच विचारलं, "तिथं मेलेल्या माणसाला जाळतेत का पुरतेत?"

"दोन्ही करतेत, बाबा."

"मंग ठीक."



यानंतर परवान्यासाठी तिघांची डॉक्टरी तपासणी होती. छातीचा फोटो सगळ्यांना लागायचा. लग्नाआधी औरंगाबादच्या वसतिगृहात असताना सरांना क्षय झाला होता. त्यांनी मला पाहायला आल्या दिवशीच सांगितलं होतं. इंजेक्शनं पूर्ण घेतली होती, बरे झाले होते. नंतर कधी खोकला नाही, ताप नाही.

जालन्याला फोटो काढला. तिथले डॉक्टर माझ्या ओळखीचे. त्यांनी फिल्म खिडकीकडं धरली आणि मला जवळ बोलावलं. उजव्या बाजूला वर जुना डाग होता. मला सांगायची गरज नव्हती.

"हा जुना आहे," डॉक्टर म्हणाले. "वाळलेला. मी तसं लिहून देतो. पण सिस्टर, ते लोक मानतील असं वाटत न्हाई."

मानलं नाही. मुंबईच्या ब्रिटिश कचेरीतून कळलं की मला आणि मुलीला हरकत नाही. नवऱ्याला वर्षभर थांबावं लागेल, पुन्हा फोटो काढावे लागतील, आणि तेव्हाही परवानगी मिळेलच असं नाही. माझी जागा मात्र वर्षभर थांबणार नव्हती.

सर म्हणाले, "तू जा. पोरीला घेऊन जा. मी मागून येईन."

"तिला सांभाळणार कोण? माझी पाळी सकाळी सातला असंल, कधी रातची असंल. पायाला पट्ट्या बांधायच्या कोणी?"

"तुझी मैत्रीण आहे."

"तिलाबी पाळ्या आहेत. स्वतःची पोर तिला सांभाळता आली असती तर इथं ठेवली असती का?"

"मंग पोरीला माझ्याजवळ ठेव. तू एकटी जा. पुढं नेशील."

पोरीसाठीच जायचं होतं, आणि आता पोरीलाच मागं ठेवून जायचं असं ते म्हणत होते. त्यांच्याही ते लक्षात आलं. ते उठून बाहेर गेले आणि ओसरीवर पाठ करून उभे राहिले.

त्या आठवड्यात आम्ही रोज यावर बोललो आणि रोज तिथंच येऊन थांबलो. त्यांना वाटे, मी धीर करावा. मला वाटे, त्यांनी एकदा तरी नको म्हणावं. ते म्हणाले नाहीत. मुदत संपत आली तेव्हा मीच येत नाही म्हणून कळवलं. पोस्टातून परत आले आणि सरळ ड्यूटीवर गेले. त्या दिवशी एक बाळंतीण अडली होती. कामात संध्याकाळ झाली ते बरं वाटलं.

घरी सरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वह्या तपासायला घेतल्या.

खरा त्रास त्यांना पुढं झाला. पेढे खाल्लेली माणसं रोज भेटत. "कधी निघणार, सर?" असं कुणी भलेपणानं विचारी, कुणी मुद्दाम. पहिले काही महिने ते 'थोडं लांबलं' म्हणत. मग कुणीतरी क्षयाचं ऐकलं. शिक्षकांच्या खोलीत त्यांचा पेला वेगळा ठेवला गेला. आधी त्यांचा पेला दुसऱ्या कारणानं वेगळा असायचा, ते कसंबसं दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं. आता नवं कारण मिळालं, आणि तेही डॉक्टरच्या नावानं. सरांनी शाळेत पाणी पिणं सोडलं. उन्हाळ्यातही घरी येईपर्यंत पीत नसत. आले की ओसरीतच उभ्यानं गटागटा पीत. मी विचारलं तेव्हाच हे मला कळलं.

मी मुख्याध्यापकांकडं जाऊन डॉक्टरचं लिखाण दाखवते म्हटलं, तर ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "न्हाई जायचं. दाखवून कुणाकुणाला दाखवशील?"

दोन वर्षांनी मुलीच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. औरंगाबादला, तिथल्या सरकारी इस्पितळात. खाटेसाठीची रांग इतकी मोठी होती की मी नर्स असूनही तेवढी वाट पाहावी लागली. डॉक्टर चांगले होते. तिथं कापूससुद्धा नव्हता, तो मी परतूरहून नेला होता. पट्ट्या गेल्या, लंगडेपण राहिलं. आणखी आधी केलं असतं तर पाय जास्त सरळ झाला असता, असं डॉक्टर बोलून गेले. सर तिथंच उभे होते.

मैत्रीण पुन्हा एकदा आली, ती लेकीला न्यायला. परतूरला उतरली नाही. गाडी थांबते तेवढ्या वेळात भेटू असं कळवलं होतं म्हणून मी फलाटावर गेले. तिची लेक खिडकीशी बसून रडत होती, आजी हवी म्हणून. मैत्रीण दाराशी आली. मधल्या काळात केस पांढरे झाले होते.

"तुझी जागा एका केरळच्या पोरीला मिळाली," ती म्हणाली. "चांगली आहे. पण तिच्याशी इंग्रजीत बोलावं लागतं."

मी तिला भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं दिलं. गाडी सुटली. मी जिना चढून गावाच्या बाजूला उतरले, तर सर सायकल घेऊन उभे होते. शाळा सुटायची वेळ नव्हती, तरी आले होते.

"भेटली का?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

"काई न्हाई. मजेत आहे."

त्यांनी सायकल वळवली. मागं बसावं तर रस्त्यात खडी पसरलेली होती, म्हणून आम्ही दोघं बाजारापर्यंत चालतच गेलो.