दुपारपुरती शांती

केनियातल्या मोलो गावाच्या वरच्या उतारावर रस्त्याच्या एका अंगाला आम्ही किकुयू जमातीचे, दुसऱ्या अंगाला कालेंजिन जमातीचे. निवडणूक आली की एकमेकांची घरं जळायची. पलीकडच्या चेरुइयोत नावाच्या मास्तरांनी जन्मात एकच शहाणपण केलं. मतदानाच्या आदल्या रात्री त्यांची पोरं आमच्या घरी झोपायला, आमची त्यांच्याकडे. आपलंच पोर आत असताना त्या घराला काडी कोण लावणार? त्यांचा मुलगा किमुताई माझ्याकडे होता, माझा थोरला गाथोगो त्यांच्याकडे. त्या वर्षी एकही छप्पर जळलं नाही.

एवढ्या भांडवलावर मास्तर देशाचे झाले. नैरोबीत शांती संस्थेची कचेरी, जिल्ह्याजिल्ह्यात शाखा, हॉटेलांत शिबिरं. मग कबुतर छापलेले टीशर्ट आले. तरुणांना शांती शिकवायला आलेली बाई पोरांना गोलात बसवून डोळे मिटायला लावायची. पोरंही बेरकी, चहा येईपर्यंत मिटून बसायची.

यंदा निवडणुकीच्या तोंडावर मास्तर देणगीदार पाहुण्यांना घेऊन गाडीतून उतरले. आधी पोट, मग मास्तर, मागून कॅमेरा.

"गाथोगोच्या आई, धाकट्याला पलीकडे पाठवा. दुपारी जेवण, फोटो, संध्याकाळी परत."

"आणि रात्री?"

"आता संस्था राष्ट्रीय आहे, बाई. मुलांना परक्या घरी रात्री ठेवणं नियमात बसत नाही."

"घरं काय दुपारी जळतात, मास्तर?"

ते पाहुण्यांकडे बघून हसले. मी म्हटलं, "किमुताई येतोय ना झोपायला?"

"त्याची परीक्षा आहे. नैरोबीत."

मला किळस आली. "मग माझ्याही पोराला अभ्यास आहे," म्हणून मी तोंडावर दार लावलं. फोटो शेजारणीच्या पोरांचे निघाले. उजेड होता तोवर गाडी निघूनही गेली.

या खेपेला पलीकडचं एकही पोर आमच्यात नव्हतं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं. मास्तरांची बायको उभी होती, चेबेत तिचं नाव. ती कधी नैरोबीला गेलीच नाही. एका हातात आंबवलेल्या दुधाने भरलेला भोपळ्याचा तुंबा, दुसऱ्या हाताला धाकटी लेक, लेकीच्या काखेत घोंगडी.

"ही तुझ्याकडे झोपेल. तुझा दे."

"मास्तरांना विचारलंस?"

"त्यांना कशाला? त्यांचं घर नैरोबीत आहे. जळलं तर आपलं जळेल."

मी धाकट्याच्या हातात त्याचं पांघरूण दिलं.