पळालेल्या खेकड्यांचा रस्सा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे – गोष्ट सांगितली आहे, शेकडो वेळा सांगितली आहे. पण खरी नाही सांगितली.

आमच्या घरात एक हसायची गोष्ट आहे. लग्नकार्याला माणसं जमली, जेवणं झाली, पान-सुपारी फिरली, की कुणीतरी म्हणतंच, "आजोबा, ती खेकड्यांची सांगा की!" आणि मी सांगतो. हात हलवून, आवाज काढून सांगतो. पोरं लोळतात, सुनांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या गोष्टीत म्हाळूतात्या नावाचा एक म्हातारा आहे. त्यानं पोत्याला मारलेली गाठ सुटते आणि पुढची सगळी धमाल होते. त्यातला एक भाग खोटा आहे. त्या भागापायी म्हाळूतात्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला – आणि ते हात, तुम्हाला सांगतो, मी पाहिलेल्या हातांत सगळ्यांत शहाणे होते.

कोणता भाग, ते लगेच सांगवत नाही. आधी गोष्ट ऐका. चालेल ना?

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी बारामतीचा, शाळेत मास्तर, वय वीस. लग्न होऊन चार महिने झालेले. बायको – सरू तिचं नाव – पहिल्या आखाडाला माहेरी गेलेली. माहेर अंथुर्ण्याजवळच्या वस्तीवर. वडील तिच्या लहानपणीच गेले होते. म्हाळूतात्या हे तिचे थोरले चुलते, घरातलं कर्तं माणूस. एके काळी मोठा कळप घेऊन रानोमाळ हिंडलेले. कालव्याचं पाणी आल्यावर शेती धरली, पण पंचवीस-तीस मेंढरं ठेवली होती. "ती गेली तर मी करू काय बसून?" असं म्हणायचे.

तात्यांच्या गाठीचं नाव पंचक्रोशीत होतं. मेंढरं कोंडायची जाळी असो, मोटेचा नाडा असो, गाडीवरचा कडबा असो – तात्यांनी बांधलं म्हणजे बांधलं. बोलता बोलता, दुसरीकडं बघत बांधायचे. बोटं आपली आपण जात.

आखाड संपत आला की त्या वस्तीवर खेकड्यांचं जेवण असायचं. कालव्याचं पाणी बंद झालं की सगळे पुरुष चारीत, म्हणजे कालव्यातून शेताकडं जाणाऱ्या पाटात, उतरत आणि काठच्या बिळांतून खेकडे काढत. ओल्या पोत्यात भरायचे, तोंड सुतळीनं आवळायचं. चूल बाहेर, बांधावर. घरातल्या चुलीवर, देवाशेजारी, असलं शिजवायचं नाही. रस्सा उकळला की खेकडा जिवंत टाकायचा. मेलेला कुणी तोंडात घालत नसे, पोटाला बाधतो म्हणून. आणि तो जिवंत आहे हे सगळ्यांना दिसावं, म्हणून उघड्या हातानं उचलायचा, वर धरायचा, त्याचे पाय हलताना दाखवायचे, आणि मग सोडायचा. घरात नवा जावई असला तर पहिला खेकडा त्याच्या हातचा. फडकं नाही, काठी नाही. सासूनं, मेहुण्यांनी, बायकोनं – सगळ्यांनी बघायचं.

आमच्या बारामतीच्या घरात मटण शिजायचं, पण खेकडा कधी आला नव्हता. मला ती रीत सरूला आणायला तिथं पोचल्यावर कळली. माझा मेहुणा पांडा, सरूचा धाकटा भाऊ, त्यानं सांगितली – हसत हसत.

"दाजी, बोटं मोजून घ्या. जाताना पुन्हा मोजू."

सरू दाराआडून म्हणाली, "गप रे! त्यांनी काय खेकडं बघितलं न्हाईत व्हय? बारामतीला नदी हाय."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "त्यात काय एवढं."

आता घरात सांगतो तो भाग. सकाळभर खेकडे काढले. तात्यांनी पोतं बांधलं आणि चुलीजवळ ठेवलं. पुरुष चिखल धुवायला कालव्याच्या डबक्याकडं गेले, बायका घरात भाकरी थापत होत्या. मी आंब्याखाली टेकलो आणि माझा डोळा लागला. तेवढ्यात गाठ सुटली – आणि पोतं रिकामं!

बायका भाकरीच्या टोपल्या घेऊन आल्या, तर वाटेवर खेकडे. चाळीस, पन्नास, देव जाणे किती. नांग्या वर करून, तिरके तिरके, जिकडं जमेल तिकडं. माझ्या सासूबाई, एरवी चार पावलं चालल्या की गुडघ्याला हात लावणाऱ्या, टोपलीसकट बैलगाडीवर चढल्या. एकही भाकरी खाली पडली नाही! पांडा डबक्याकडून लंगोटीवरच पळत आला. कुंपणावर वाळत घातलेलं धोतर त्यानं ओढून घाईघाईनं नेसलं, आणि त्याच्या सोग्याला एक खेकडा लोंबकळत होता. तो बोंबलत बांधावरून पळतोय, खेकडा मागं झुलतोय, आणि सासूबाई गाडीवरून ओरडतायत – "आरं, सोड की धोतर! सोड!"

"हितं बायामानसं हाइत, आये! कसं सोडू?"

सरू जमिनीवर बसून हसत होती. पदर तोंडात कोंबून हसत होती. तिला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगू? त्या क्षणी मला माझं लग्न झाल्यासारखं वाटलं.

एकही खेकडा हाती लागला नाही. चारी जवळ होती, उतार होता. चुलीवर येसर-मसाल्याचा रस्सा मात्र रटरटत होता. तात्या आले, त्यांनी रिकामं पोतं पाहिलं, सुतळी उचलून पाहिली. मग सगळ्यांकडं बघून म्हणाले, "वाढा. पळालेल्या खेकड्यांचा रस्सा हाय. त्यांचा वास तरी ऱ्हायला आसंल की पोत्याला."

आणि आम्ही तो नुसता रस्सा, गरम भाकरी कुस्करून, कांदा फोडून, नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ला. इतकं हसत मी आयुष्यात कधी जेवलो नाही.

इथं आमच्या घरची गोष्ट संपते. सगळे टाळ्या देतात.

आता राहिलेलं सांगतो. माझा डोळा लागला नव्हता.

मी पोत्याशेजारीच बसलो होतो. पोतं हलत होतं. आतून खरखर, चरचर असा आवाज येत होता, आणि मध्येच एक नांगी गोणपाटाच्या विणीतून बाहेर यायची, काहीतरी चाचपायची, आत जायची. हेच मला उघड्या हातानं उचलायचं होतं. सरूसमोर ओरडलो तर? हातातून टाकून पळालो तर? मी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मग मी गाठ सोडायला लागलो. ती सुटेना. नखं लावली, शेवटी दात लावले – सुतळीला चिखलाची चव होती. किती वेळ लागला म्हणून सांगू! इतकी पक्की गाठ मी आजवर पाहिली नाही. सुटली, तेव्हा पोत्याचं तोंड उताराकडं केलं, पायानं पोतं आडवं केलं, आंब्याखाली गेलो आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

परवा माझी नात म्हणाली, जिवंत प्राणी उकळत्या पाण्यात टाकणं किती क्रूर! मी मान हलवली. आणि क्षणभर – मोह झाला हो. वाटलं, म्हणावं हिला, म्हणूनच तर तुझ्या आजोबांनी एकदा पोतंभर खेकडे सोडून दिले होते. किती शोभून दिसलं असतं! पण मला त्या दिवशी दया आली नव्हती. खेकड्यांचा विचार मी कणभरही केला नव्हता. भीती वाटली होती, आणि ती सरूला दिसू नये एवढंच हवं होतं. खेकडे तर मी पुढं पन्नास वर्षं आवडीनं खाल्ले.

कारण पुढच्याच आखाडात तात्यांनी मला ते धरायला शिकवलं. कुणी नसताना, चारीत नेऊन. माझं मनगट धरून म्हणाले, "जावाईबापू, भ्यायचं न्हाय आसं कोन म्हनतं? समदी भित्यात. भ्यायचं, पन मागनं धरायचं. पाठीवर आंगठा, पोटाखाली बोट. हां. आता बघा, कसा हात जोडतोय तुमास्नी." मी धरला. खेकडा हवेत नांग्या हलवत राहिला आणि मी लहान पोरासारखा हसलो. म्हणजे आदल्या वर्षी मी नुसतं म्हणालो असतो – तात्या, भीती वाटते – तर? दहा मिनिटांचं काम होतं.

त्या दिवशी तरी सांगायचं. एवढं शिकवलं त्यांनी. नाही सांगितलं.

त्याआधीच तात्यांना लोक चिडवायला लागले होते. प्रेमानंच. "तात्या, दोनदा बांधा, बैल खेकड्यावानी जाईल." तात्या सगळ्यांच्या आधी हसायचे. पण ते दोनदा बांधायला लागले. मग तीनदा. संध्याकाळी मेंढरं कोंडली की पांडाला हाक मारायचे, "जरा बघ रं, बसलीया का?" दुसरीकडं बघत बांधणारा माणूस गाठीवरून नजर काढीना. नजर लावली की बोटं अडखळायची, आणि अडखळली की त्यांना आणखी खात्री पटायची.

एकदा मला म्हणाले, "तुमी शिकल्यालं हाय. बघा बरं, ही बोटं. त्या दिशी बांधलं तवा कळलंच न्हाय मला, गाठ बसली न्हाय ते. वात आसंल का ओ?"

मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. उलटून पाहिले. आणि म्हणालो, "असेल."

पुढच्या खेपेला बारामतीहून तेलाची बाटली नेली. ते रोज चोळायचे. आल्या-गेल्याला बाटली दाखवून सांगायचे, "आमच्या जावायानं आनली. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं." मी संपली की दुसरी न्यायचो. त्या हातांना काहीही झालेलं नव्हतं, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं.

तिसऱ्या वर्षी त्यांनी मेंढरं पांडाच्या हवाली केली. "एखांद्या रातीला जाळी सुटायची आनि लांडगा शिरायचा. माझ्या हाताचा भरवसा न्हाय," म्हणाले. त्यानंतर ते बहुतेक वेळ ओट्यावर बसून असत. येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करत, खुशीत दिसत. मेंढरं घराकडं परतायच्या वेळेला तेवढे उठून आत जात.

आणि मी? मी ती गोष्ट सांगत होतो. तात्यांच्या देखतसुद्धा. सरू म्हणायची, "आवो, ती सांगा की," आणि मी सांगायचो. तात्याही ऐकायचे आणि गाठ सुटते तिथं मांडीवर थाप मारायचे. सरू गेली, तिलाही खरं माहीत नव्हतं. मला लाज वाटत होती का? अधूनमधून. पण सांगताना नाही. सांगताना मजा यायची. दर वेळी यायची. हेच तर सांगायला इतकी वर्षं लागली.

तात्यांच्या शेवटच्या आखाडात पोतं भरलं, तेव्हा पांडानं रीतीप्रमाणं सुतळी त्यांच्यापुढं केली. त्यांनी ती घेतली, बोटांत एकदा फिरवली आणि माझ्याकडं दिली. "तुमी बांधा, जावाईबापू. तुमचा हात चांगला हाय."

सगळे बघत होते. मी बांधलं. पोतं चुलीशी नेऊन ठेवलं, वेळ झाल्यावर सोडलं, पहिला खेकडा वर धरून सगळ्यांना दाखवला. तात्या म्हणाले, "वा!" मग आम्ही जेवायला बसलो. रस्सा फार छान झाला होता. मी दोनदा मागून घेतला.