रेषेवर ज्याचा पाय

मी चौथीपर्यंत शिकलो, पण पलटणीत धावण्यात मला कुणी मागे टाकलं नाही. सांगतो ते खरं आहे, पटत नसेल तर सोडा.

राजधानीतल्या द्वारकेतली आमची सोसायटी नवीन होती तेव्हा निम्मे फ्लॅट रिकामे होते आणि बाहेरचे रुंद रस्ते मोकळे. रोज पहाटे थोरल्या पोरीला घेऊन धावायचो. पुढे पुढे ती पुढे आणि मी मागे.

सव्वीस जानेवारीला सोसायटीने सेक्टरभोवती शर्यत ठेवली. मी जुना फौजी, म्हणून सुरुवातीची शिट्टी माझ्याकडे. बायकांना लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. पोरगी म्हणाली, "बाबा, मला तोंडात चमचा धरायचा नाही, धावायचंय."

"धाव की!" बायको म्हणाली. "बघायला येतील त्यांना सांगू, पोहे येत नाहीत, पण पळून दाखवते."

सकाळी पोरगी येऊन चुन्याच्या रेषेवर उभी राहिली. सेक्रेटरी लगबगीने आला.

"फौजी साहब, बिटिया को हटाइए. जेंट्स की रेस है."

"कहाँ लिखा है?"

लिहिलेलं कुठेच नव्हतं. आमच्या पलटणीत रेषेवर ज्याचा पाय, तो धावणार. ती हटेना, मी शिट्टी फुंकेना. हाफ पँटीतली माणसं थंडीने कुडकुडायला लागली. "अरे अंकल, बजाओ ना यार!"

"अच्छा, दौड़ने दो," सेक्रेटरी वैतागला. "थक के बैठ जाएगी."

ती बसली नाही. तिसरी आली. तिच्या मागून बँकेतले एक गृहस्थ धापा टाकत आले.

बक्षिसाला तिसरे म्हणून त्यांनाच पुकारलं. पोरगी सरळ पुढे गेली.

"अंकल, आप तो मेरे पीछे थे ना?"

"हाँ बेटा. पर तुम गिनती में नहीं थीं."

लोक हसले. त्यांनी कप घेतला. मी तावातावाने उठलो, तर पोरीने हात धरला. "राहू द्या बाबा. मागे होते, हे सगळ्यांसमोर कबूल केलंय त्यांनी."

घरी बूट काढताना मात्र रडली. बायकोने तिच्या पोटऱ्यांना तेल चोळलं.

पुढच्या वर्षी नोटीस लागली. वरच जाड अक्षरात 'केवल पुरुषों के लिए'. आधी कुणाला तसं लिहायची गरज पडली नव्हती. मला बोलावणं आलं, मी गेलो नाही. त्यांना दुसरा शिट्टीवाला मिळाला. पोरीला दुसरी शर्यत मिळाली नाही.