सतरंजी मीच अंथरली

मला कोणी सांगितलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणालाही वाटेल की घरच्यांचा धाक असेल, काळच तसा होता, अठरा वर्षांची पोर बिचारी काय करणार. बिचारी वगैरे काही नाही. धाक कुणाचाच नव्हता. जे केलं ते मी माझ्या हातांनी आणि माझ्या अकलेने केलं, आणि ते काळाच्या माथी मारायची मला इतकी वर्षं सवय लागली होती, ती आता पुरे.

आमचं घर इंदूरला, बडा गणपतीकडे. वडील होळकर दरबारच्या कचेरीतून मध्यभारत सरकारच्या कचेरीत टेबलासकट गेलेले. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, आणि डोक्यात हवा अशी की विचारू नका. कारण मी बाईंच्या वर्गात शिकवायला जात होते.

बाई म्हणजे जुन्या संस्थानी कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. विधवा, एकट्या, पांढरं लुगडं, आवाज असा की तीन गल्ल्यांत ऐकू जावा. घरी बसून जपमाळ ओढायची सोडून त्या रोज दुपारी गिरण्यांच्या मागच्या झाडूवाल्यांच्या वस्तीत जायच्या आणि माताजीच्या देवळाच्या ओट्यावर पोरींना हिंदी आणि गणित शिकवायच्या. त्या बडी बेनजी, मी छोटी बेनजी. वर्गाआधी बाई घरोघर जायच्या. बाहेरून हाक मारणं त्यांना बिलकुल पसंत नव्हतं. उंबऱ्यात बसायचं, पाणी मागायचं, प्यायचं, मग पोरीचा विषय काढायचा. मीही प्यायचे. आणि घरी येऊन आईला मुद्दाम सांगायचे, "आज चार घरचं पाणी प्यायले." आई म्हणायची, "बरं, हातपाय धू आणि जेवायला बस." मला वाटायचं, हिला काही कळत नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती, बारा वर्षांची. चौथीचा अभ्यास तिने ओट्यावर बसून पुरा केला आणि परीक्षा दिली ती पहिल्या झटक्यात पास. सगळ्या वस्तीची पत्रं हीच वाचायची. बाईंनी शहरातल्या मुलींच्या शाळेत बोलून ठेवलं होतं, जुलैत पाचवीत घेऊ म्हणून. त्या वस्तीतून शाळेच्या इमारतीत पाऊल टाकणारी ती पहिली ठरली असती, आणि ती गेली की मागून आणखी चार-पाच जातील हा बाईंचा हिशेब. अडचण एकच होती, मुलीची आई. तिला पोरगी पावसाळ्यापासून आपल्याबरोबर गिरणीत झाडायला न्यायची होती. बाई दोन वर्षं तिच्या उंबऱ्यात बसत होत्या. एक दिवस ती हसत हसतच म्हणाली, "छोरी को तो इस्कूल बुलाओ हो बेनजी, हमको कदी घर बुलाया?"

बाईंनी हातातला पेला रिकामा केला. मग म्हणाल्या, "बुलाऊंगी. चैत में."

आता बाईंच्या घरी हळदीकुंकू होणं नव्हतं, त्या विधवा. म्हणून त्या आमच्याकडे आल्या आणि आईला सरळ विचारलं, तुमच्या चैत्रगौरीला माझ्या वस्तीतल्या पाच बायका बोलवाल का? तिसऱ्या दिवशी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "येऊ देत. गौर काय माझ्या एकटीची आहे?" मी तर आनंदाने उडीच मारली. आमंत्रण द्यायला मीच गेले, नाक वर करून. बाई स्वतः विधवा म्हणून येणार नव्हत्या, त्यांनी मला चार वेळा बजावलं, "नीट लक्ष ठेव हं. हे हळदीकुंकू नाही, त्या पोरीचं ॲडमिशन आहे."

मला सगळं माहीत होतं, हे लक्षात असू द्या.

त्या दिवशी घर फुलून गेलं होतं. तेव्हा सरकार काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला असायचं, आणि ग्वाल्हेरची मंडळी नुकतीच इकडे आली होती. वडिलांच्या साहेबांची बायको पहिल्यांदाच आमच्याकडे यायची होती. ती आली, जरीचं लुगडं, नाकात टपोरी नथ, आणि बरोबर गौरीसमोर जाऊन बसली. आईने कैरीची डाळ पितळी ताटल्यांत वाढली होती. मी आत-बाहेर करत होते. तेवढ्यात फाटक वाजलं.

त्या पाचजणी आल्या होत्या. न्हालेल्या, केसांना तेल, धुवट लुगडी. मुलीच्या आईच्या अंगावर लग्नातली लाल चुनरी होती, घडीच्या रेघा अजून तशाच होत्या. मुलगीही आली होती, दोन वेण्या घालून. ती मला बघून अशी तोंडभर हसली!

आणि मला काय झालं कोण जाणे. कोण जाणे कशाला, मला चांगलं माहीत आहे. मी मागे वळून बैठकीकडे पाहिलं, ती नथ दिसली, आणि मनात आलं, ही उठून गेली तर? बाबांचं काय होईल? सगळ्यांसमोर शोभा होईल. वस्तीत चार घरचं पाणी पिणारी मी, तिथे माझं माणूस कोणी बघायला नव्हतं म्हणून पीत होते, हे त्या एका क्षणात उघडं पडलं. उघडं मलाच पडलं, बाकी कुणाला नाही.

मी धावत कोठीतून सतरंजी आणली आणि अंगणात निंबाखाली अंथरली. "आत फार गरम होतंय हो," मी म्हटलं, "इथे कशी हवा आहे. बैठो, बैठो." त्या बसल्या. मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले, पळसाच्या द्रोणांत डाळ घातली, मातीच्या कुल्हडांत पन्हं ओतलं. मग हळदीकुंकवाचा करंडा. आत मी प्रत्येकीच्या कपाळाला बोट टेकवत होते. इथे मी एका पानावर हळद आणि कुंकू काढलं आणि ते पान सतरंजीवर त्यांच्याकडे सरकवलं.

ते पान सरकवताना माझा हात थांबला होता. थांबला, आणि मग सरकवलंच. या एका गोष्टीसाठी मला अजून माझा हात बघवत नाही.

मुलीची आई पानाकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच बोट बुडवून स्वतःला कुंकू लावलं, बाकीच्यांना लावलं, आणि पन्ह्याचं कौतुक करत म्हणाली, "घणो चोखो पन्हो है बेनजी." मुलीने द्रोण हातात धरला होता, डाळ तशीच होती. ती खिडकीतून आत बघत होती, जिथून पितळी ताटल्या आणि ओळीने बसलेल्या बायका स्पष्ट दिसत होत्या. आत काही फार गरम वगैरे होत नव्हतं, आमच्या त्या बैठकीत भर उन्हाळ्यातही गार वाटायचं.

त्या फाटकाबाहेर पडल्यावर आई बाहेर आली. "अगं, त्या आल्या नाहीत का अजून? तू काय करून राहिलीस इथे? मी त्यांच्यासाठी गौरीजवळ जागा ठेवलीय, पाच ताटल्या झाकून ठेवल्यात..." आणि मग तिने द्रोण पाहिले, सतरंजी पाहिली, ते पान पाहिलं. माझ्या हातून करंडा ओढून घेऊन ती पायऱ्या उतरली, पण तोवर त्या कोपऱ्यावरून वळल्या होत्या. साहेबांची बायको तेव्हाही आत बसून आईच्या डाळीचं कौतुक करत होती. त्या आत आल्या असत्या तर ती उठून गेली असती की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही. मी तिला तेवढी परीक्षाही देऊ दिली नाही.

इथेच संपलं असतं तरी मी म्हटलं असतं, चला, घाबरले, चुकले. पण मी किती शहाणी! दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या, दारातूनच विचारत आल्या, "कसं झालं? कुठे बसवलंस?"

"आत," मी म्हटलं. "गौरीसमोर."

आई चुलीपाशी होती. तिने ऐकलं. पण ती भाकरी थापत राहिली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. बाईंचे डोळे भरून आले. सत्तरीला टेकलेली ती कडक बाई, मला जवळ घेऊन म्हणाली, "शाबास पोरी. दोन वर्षांचं काम तू एका संध्याकाळी केलंस." मी उभी राहून शाबासकी घेतली. घेतली!

बाई तशाच वस्तीत गेल्या. दुपारी परत आल्या त्या आमच्याच घरी, आणि बसल्या नाहीत. उभ्याउभ्या सांगितलं, आवाज न चढवता, आणि त्यांचा आवाज न चढलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या ओट्यावर दहा-बारा बायकांसमोर म्हणाल्या होत्या, देखा, मैं कहती थी ना, गौरी के सामने बिठाया. बायकांनी माना खाली घातल्या. एकीनेही त्यांना खोटं पाडलं नाही. शेवटी ती मुलगीच म्हणाली, "नहीं बेनजी. आंगन में."

"मी माफी मागते," मी म्हटलं.

"माझी कशाला?" बाई म्हणाल्या. "उद्यापासून वर्ग तू घे. मला काही दिवस तिथे जायला तोंड नाही."

मी गेले. ऊन चढायच्या आत गेले, उंबऱ्यात बसले. मुलीच्या आईने माझ्यासाठी खाट टाकली, मी नको नको म्हणत असताना आत बोलावून बसवलं. मी माफीचं बोलायला लागले तर तिने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "अरे बेनजी, आंगन तो आंगन. बुलाया तो सही. मैं तो आज भेज दूं इस्कूल." मग तिने मागे बोट दाखवलं. "पण या छोरी नी माने."

मुलगी चुलीजवळ पातेलं घासत होती. मी तिला समजवायला बसले. शाळेला केवढं मैदान आहे, तिथे पुस्तकांची कपाटं आहेत, नकाशे आहेत. ती ऐकत होती, हात चालू होते. मग मला वाटलं, ओळखीचं माणूस असलं की पोरीला धीर येईल, म्हणून मी माझ्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट काढली. म्हटलं, "आणि हे बघ, जुलैपासून मी तिथे शिकवायला लागणार आहे. बाईंनीच ठरवून दिलंय. पाचवीचा वर्ग माझाच."

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता, ती खरोखरच विचारत होती.

"तो आप मुझे कहां बिठाओगी?"

एवढं सोपं उत्तर होतं. सगळ्यांबरोबर, पहिल्या ओळीत, माझ्यासमोर. पण वर्गात तीस पोरी असणार, त्यांच्या आया असणार, कोणीतरी फाटकाशी येऊन उभी राहणार, आणि तेव्हा मी काय करेन हे मला ठाऊक नव्हतं. तिला पुन्हा खोटं सांगायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचीही नव्हती. ती थांबली, राख लागलेला हात पातेल्यावर तसाच. तिच्या आईनेही वाट पाहिली.

मी म्हटलं, "ऊन वाढतंय. निघते मी."