सोबत कोण?

दारू सोडवण्याच्या दवाखान्यात बाकांवर आम्ही बायकाच जास्त असतो. पेशंट पुरुष आणि त्याची फाइल बाईच्या मांडीवर. गोळी कधी द्यायची, समुपदेशनाला पुन्हा कधी यायचं, सगळं आमच्या डोक्यात. मी धाकट्या भावाला घेऊन येते. तो बाहेर चहा पीत उभा राहतो आणि नंबर मी लावते.

त्या दिवशी शेजारी एक बाई एकटीच येऊन बसली. इस्त्रीची सुती साडी, हातात फाइल. मी सवयीनं विचारलं, "मिस्टर बाहेर थांबलेत का?"

"नाही हो," ती म्हणाली. "पेशंट मीच आहे."

मी दोघींच्या मधली पर्स उचलली आणि जरा सरकून बसले. भावाला पाहून लोक असेच सरकायचे, तेव्हा घरी येऊन मी त्यांच्या नावानं बोटं मोडायची. दारू हा आजार आहे, हे इथंच शिकले, भावापुरतं पटलंही. हिच्या बाबतीत मात्र पहिला विचार आला, पोरांचं काय करत असेल ही? पुरुष बरा व्हावा म्हणून अख्खं घर राबतं. बाईनं बरं होणंही एकटीनं उरकायचं, साडीला इस्त्री करून.

तिचं नाव पुकारलं. सिस्टरनं सगळ्यांना विचारते तेच विचारलं, "सोबत कोण आलंय?"

बाकांवर आम्ही अकराजणी होतो, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या सोबत आलेल्या. मी फाइलवरचं भावाचं नाव वाचत बसले.