काकांची कादंबरी, काकूंची रोपं

माझे काका पाणीखात्यात मीटर तपासायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी चारशे पानांची कादंबरी लिहिली, स्वतःच छापली आणि ओळखीच्यांना फुकट वाटली. "वाचतोय, वाचतोय," सगळे म्हणाले. शेवटाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. आणि काकांचा सगळा जीव त्या शेवटात! नायिका दार उघडते की नाही, हे ठरवताना त्यांनी महिनाभर दाढीसुद्धा केली नव्हती. "एकानं, फक्त एकानं शेवटपर्यंत वाचावं रे," ते मला म्हणायचे. उरलेले गठ्ठे पलंगाखाली गेले.

तिथला केर काढायचा तर काकूंना आधी साहित्य बाजूला सारावं लागे. एक दिवस त्यांनी कटरच उचलला. पुस्तक आडवं ठेवून वरून चौकोन कोरला, आत प्लास्टिकची वाटी बसवली, वाटीत इवलासा निवडुंग. पानांच्या कडा गोंदाने चिकटवल्या. तळाची शेवटची काही पानं बुडाला आधार म्हणून न कोरता सोडली. गोंद वाचवायचा म्हणून ती चिकटवलीही नाहीत.

"अहो, पुठ्ठा फारच दणकट आहे हो तुमचा!" त्या म्हणाल्या. पुस्तकावरचा घरातला हा पहिला अभिप्राय.

काकू अशा कुंड्या करून विकू लागल्या. पुस्तक फुकट घेताना ज्यांनी नाकं मुरडली, तेच आता विकत न्यायला दारात उभे. "निळ्या कव्हरात नाही का? आमचे पडदे निळे आहेत." काका घरोघरी पोचले, पण पोटातून पोखरलेले. ते कोणाशी धड बोलेनात.

मग एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काका, माझे पेशंट तुमची कुंडी वाचतायत!"

काका शर्टाची बटणं लावत स्कूटरवर माझ्या मागे बसले. दवाखान्यात गाल सुजलेल्या एक बाई होत्या. त्यांनी निवडुंगाची वाटी शेजारच्या खुर्चीवर काढून ठेवली होती आणि त्या तळाची पानं वाचत होत्या. काका समोर बसले. त्या पान उलटत, तसा काकांचा श्वास वरखाली होई.

"तुम्ही कशाला थांबलाय?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"सहज," काका म्हणाले.

तेवढ्यात आतून हाक आली. बाईंचा नंबर होता.

"अहो, तुम्ही जा ना आधी! ही बया दार उघडतेय की नाही, तेवढं कळू दे."

काकांच्या बत्तीसच्या बत्तीस दाढा-दात खणखणीत. तरी ते उठले. मी हात धरला, तर माझा हात झटकून आत गेले, खुर्चीत आडवे झाले.

"काका, तुम्ही? कुठली दाढ दुखतेय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठलीही बघा," काकांनी आ वासला, "पण सावकाश."